निजताना कानात बोलणारी 'ती' : १९४७च्या रेडिओपासून आजच्या इअरफोनपर्यंत

आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल, काही जण अवघडतील. हसायला हरकत नाही, फक्त शेवटपर्यंत थांबा.

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. खोलीतला दिवा मालवून एक तरुण कानात इअरफोन घालतो आणि वीस मिनिटांचं एक ध्वनिमुद्रण लावतो. त्यात एक मुलगी बोलतेय. "आलास? दमलास ना आज? जेवलास का? ये, पड जरा. तू काही बोलू नकोस, मीच बोलते." मग उशी सरकवल्याचा आवाज येतो, केसांतून हात फिरवल्यासारखी खसखस येते. मध्येच ती गप्प होते, नुसता श्वास ऐकू येतो. आवाज हळूहळू खाली उतरत जातो. पंधराव्या-सोळाव्या मिनिटाला त्याला झोप लागलेली असते. ती मुलगी त्याला ओळखत नाही. तिला त्याचं नावही माहीत नाही. तिने हे कधीतरी एका बंद खोलीत मायक्रोफोनसमोर बसून बोलून ठेवलंय आणि तेच बोलणं आज रात्री हजारो कानांत चालू आहे.

याला 'गर्लफ्रेंड रोलप्ले ऑडिओ' म्हणतात. यात प्रौढांसाठीचा कामुक प्रकारही आहे, पण आपण आज बोलणार आहोत ते फक्त धीर देणाऱ्या, मन शांत करून झोपवणाऱ्या प्रकाराबद्दल. असाच 'बॉयफ्रेंड' प्रकारही आहे आणि तोही भरपूर ऐकला जातो.

हे पहिल्यांदा कळलं की घरातल्या मोठ्यांच्या तोंडून एक वाक्य ठरलेलं येतं: "काय एकेक निघालंय हल्ली!" इतिहास सांगणाऱ्याला इथे थांबावंच लागतं, कारण हे हल्लीचं नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन नावाचं शहर आहे. तिथल्या रेडिओवर हाच प्रकार १९४७ साली सुरू झाला होता. त्याच्याही आधी काय काय घडावं लागलं, ते आधी बघू.

कुजबुज शक्य झाली ती कधी?

माणसाचा आवाज साठवायला लागलो तेव्हा पहिली अडचण अशी होती की यंत्राला हळू बोललेलं ऐकूच येत नसे. १९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात आला आणि एका हॉटेलच्या खोलीत त्याने गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. समोर मायक्रोफोन नव्हता, मोठा कर्णा होता. आवाजाच्या जोरानेच सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. त्यामुळे कर्ण्यात तोंड घालून खणखणीत गावं लागे. गाणं संपल्यावर गौहरजान इंग्रजीत आपलं नाव मोठ्याने सांगत असे, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या कामगारांना ही कुणाची तबकडी ते कळायला हवं. त्या कर्ण्यासमोर कुणी "जेवलास का?" असं हळूच विचारलं असतं, तर तबकडीवर काहीच उमटलं नसतं.

हे बदललं विजेमुळे. १९१६ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ई. सी. वेंट यांनी कंडेन्सर मायक्रोफोन तयार केला. १९२५मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या अमेरिकन कंपन्यांनी विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू केलं. आता हळू बोललेलं, अगदी श्वाससुद्धा पकडता येऊ लागला. याचा परिणाम लगेच दिसला. रूडी व्हॅली, बिंग क्रॉसबी यांच्यासारखे गायक सभागृहाच्या शेवटच्या रांगेसाठी न गाता मायक्रोफोनला ओठ लावून, जणू एकाच बाईच्या कानात गाऊ लागले. अशा गाण्याला 'क्रूनिंग' म्हणत.

आणि लगेच टीकाही सुरू झाली. १९३२ साली बोस्टनचे कार्डिनल ओकॉनेल यांनी या गाण्याला जाहीरपणे झोडपलं. त्यांच्या मते हे बायकी, रडकं, मन नासवणारं होतं. परक्या माणसाने कानाजवळ येऊन मायेने बोलावं यात काहीतरी चुकीचं आहे, ही भावना मायक्रोफोनइतकीच जुनी आहे. आज आपल्याला बिंग क्रॉसबीत आक्षेपार्ह काय होतं हे समजूनसुद्धा येत नाही.

युद्धातले आवाज

दुसऱ्या महायुद्धात या जवळच्या आवाजाला नवा श्रोता मिळाला: घरापासून हजारो मैल लांब, वीस-बावीस वर्षांचा, घाबरलेला, एकटा सैनिक.

जपानच्या रेडिओ टोकियोवरून 'झीरो अवर' नावाचा कार्यक्रम लागायचा. प्रशांत महासागरातल्या अमेरिकन सैनिकांचं मन खचावं हा त्याचा हेतू. त्यात १९४३पासून एक स्त्री-आवाज होता. ती स्वतःला 'ऑर्फन अ‍ॅन' म्हणवून घ्यायची आणि सैनिकांना तिची अनाथ भावंडं असल्यासारखी हाक मारायची. तिचं नाव इव्हा तोगुरी. ती जन्माने लॉस एंजेलिसची, अमेरिकन नागरिक. आजारी मावशीला भेटायला १९४१मध्ये जपानला गेली आणि युद्ध पेटल्यावर तिथेच अडकली. जपानी रेडिओवरच्या अशा सगळ्याच स्त्री-आवाजांना सैनिकांनी मिळून एक नाव ठेवलं होतं, 'टोकियो रोझ'. या नावाने प्रत्यक्षात कुणीच बोलत नव्हतं. पण युद्धानंतर त्या नावाला एक चेहरा हवा होता आणि तो तोगुरीचा ठरला. १९४९मध्ये देशद्रोहाच्या एका आरोपावर तिला दहा वर्षांची शिक्षा झाली. सहा वर्षांहून अधिक काळ ती तुरुंगात होती. तिच्याविरुद्धच्या मुख्य साक्षीदारांनी दबावाखाली खोटी साक्ष दिल्याचं पुढे उघड झालं आणि जानेवारी १९७७मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी तिला माफी दिली.

अमेरिकेनेही आपल्या सैनिकांसाठी असाच एक आवाज तयार ठेवला होता. सैन्याच्या रेडिओवर मार्था विल्करसन ही 'जीआय जिल' या नावाने गाणी लावायची आणि सैनिकांशी शेजारच्या घरातल्या मुलीसारखी गप्पा मारायची.

दोन्ही बाजूंच्या सेनापतींना एक गोष्ट कळली होती, ती लक्षात ठेवा. एकट्या माणसाला रात्री एका ओळखीच्या आवाजाची गरज असते आणि ती गरज इतकी खरी असते की तिचा शस्त्रासारखा वापर करता येतो. इतक्या खऱ्या गरजेचा व्यापार होणं मग काय अवघड होतं?

डेटनची 'लोनसम गॅल'

आता १९४७. युद्ध संपलंय, सैनिक घरी आलेत. डेटनच्या रेडिओ केंद्रावर रात्री पंधरा मिनिटांचा एक कार्यक्रम सुरू झाला, 'लोनसम गॅल', म्हणजे 'एकटी पोरगी'. त्यात नाटक नव्हतं, पाहुणे नव्हते, बातम्या नव्हत्या. दोन-तीन गाणी आणि त्यांच्यामध्ये एका बाईचा जाड, मऊ, मांजरीच्या घुरघुरीसारखा आवाज. ती श्रोत्याला लाडाने हाका मारायची. लोक काहीही म्हणोत, मला जगात तूच सगळ्यांत आवडतोस, असं सांगायची. आणि पुन्हा पुन्हा हेही सांगायची की मीही तुझ्यासारखीच एकटी आहे.

ती होती जीन किंग, एक रेडिओ अभिनेत्री. कार्यक्रम इतका चालला की तो तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करून देशभरच्या पन्नासेक केंद्रांना विकला जाऊ लागला. इथे तिने एक युक्ती केली. प्रत्येक शहरासाठी ती वेगळं बोलायची. त्या गावातल्या जागांची, रस्त्यांची नावं बोलण्यात पेरायची. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटायचं, ही आपल्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे कुठेतरी बसलीय. मध्येच त्याच मऊ आवाजात ती पाइपच्या तंबाखूची जाहिरातही करायची.

ती कोण आहे हे अनेक वर्षं गुपित ठेवलं होतं. जाहीर कार्यक्रमात ती मुखवटा घालून येई. खरं म्हणजे तिचं लग्न झालेलं होतं आणि नवरा रेडिओ-निर्माता होता. पण हे कळलं तर आवाजाची जादू जाईल, म्हणून मुखवटा. आजच्या गर्लफ्रेंड ऑडिओत बोलणाऱ्या बहुतेक मुलीही चेहरा दाखवत नाहीत, टोपणनावाने काम करतात. मुखवटा तोच आहे. श्रोत्याची कल्पना शाबूत राहावी आणि बोलणारी सुरक्षित राहावी, या दोन्ही गोष्टींसाठी तो लागतो.

पुरुषाचा असाच प्रयोग टीव्हीवर १९५२ साली झाला. सीबीएसवर 'द कॉन्टिनेंटल' नावाचा कार्यक्रम आला. रेन्झो चेझाना हा अभिनेता कॅमेऱ्यालाच आपली पाहुणी समजून दार उघडायचा, शॅम्पेन ओतायचा, प्रेमाने बोलायचा. आणि १९५५मध्ये न्यूयॉर्कच्या एनबीसी वाहिनीवर रात्री एक वाजता 'काउंट शीप' हा पाच मिनिटांचा कार्यक्रम लागू लागला. नॅन्सी बर्ग ही मॉडेल रात्रीच्या कपड्यांत येऊन झोपायची तयारी करायची, एवढंच. नावच सांगतं, मेंढ्या मोजा! टीव्ही बंद करून लोकांनी झोपी जावं म्हणून टीव्हीवरच केलेला कार्यक्रम.

दोन अभ्यासकांनी काय पाहिलं?

या सगळ्याकडे शिकागो विद्यापीठातले दोन अभ्यासक बघत होते, डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल. १९५६मध्ये 'सायकियाट्री' या नियतकालिकात त्यांनी एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी या नात्याला 'पॅरासोशल' हा शब्द दिला. मराठीत आपण त्याला 'एकतर्फी ओळख' म्हणू. पडद्यावरच्या किंवा रेडिओवरच्या माणसाला आपण ओळखतो, त्याच्यावर जीव लावतो. तो आपल्याला ओळखत नाही. आज एखाद्या क्रिकेटपटूबद्दल, यूट्यूबरबद्दल असं काही लिहिलं की हाच शब्द वापरतात. आणि या शब्दाच्या जन्माच्या वेळी समोर ठेवलेल्या उदाहरणांत 'लोनसम गॅल' होती.

त्यांचं म्हणणं नीट समजून घ्यायला हवं, कारण ते आजच्या टीकाकारांपेक्षा बरंच समंजस आहे. बहुतेक लोकांसाठी ही एकतर्फी ओळख त्यांच्या रोजच्या आयुष्याला लागून असते, त्याच्या जागी येत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यात आजार काही नाही. चिंता तेव्हा करावी, जेव्हा ती खऱ्या माणसांची जागा घेते. 'लोनसम गॅल'ला येणाऱ्या पत्रांत लग्नाच्या मागण्या असायच्या. आयुष्यभर शोधत होतो ती तूच, असं माणसं अदबीने लिहायची. ही पत्रं वाचून हसणं सोपं आहे. पण हॉर्टन आणि वोल यांनी त्यांत एकटेपणा पाहिला आणि तो समाजाचा प्रश्न म्हणून मांडला.

आपल्याकडची रात्र

भारतात याच काळात रेडिओ घरोघरी पोचत होता, पण त्याची वाट वेगळी होती. १९५२मध्ये माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले आणि त्याच वर्षी तिथे अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पुढे १९५७च्या ३ ऑक्टोबरला आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली. तिच्यावर सैनिकांसाठी 'जयमाला' होती. रात्री 'छायागीत' होतं, 'बेला के फूल' होतं. 'छायागीत'मध्ये दोन गाण्यांच्या मध्ये निवेदकाचा संथ, खालच्या पट्टीतला आवाज ऐकत किती घरं झोपली असतील!

मग आपल्याकडे 'लोनसम गॅल' का झाली नाही? संस्कृती, संस्कार अशी उत्तरं लगेच सुचतील. मला याचं साधं कारण रेडिओ घरात कुठे ठेवलेला असे, यात दिसतं. आपल्याकडे तो बैठकीच्या खोलीत, फडताळावर, विणलेल्या रुमालाखाली असायचा. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एकत्र ऐकायचे. शेजारीही यायचे. सयानी श्रोत्यांना "बहनो और भाइयो" म्हणत, कारण समोर खरोखर अख्खं कुटुंब बसलेलं होतं. सगळ्या घरादेखत एकाच माणसाला "राजा, दमलास का?" असं विचारणार कोण?

एकट्याशी बोलणारा आवाज यायला आधी ऐकणारा एकटा बसावा लागतो. ते आपल्याकडे मोबाइल आणि इअरफोनने घडवलं. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि पुढच्या दोन-चार वर्षांत प्रत्येकाच्या कानात स्वतःचं वेगळं केंद्र चालू झालं. त्याच वेळी शिकायला, नोकरीला घर सोडून लांब गेलेली मुलं होतीच. बेंगळुरूच्या पीजीत कोल्हापूरचा मुलगा, पुण्याच्या हॉस्टेलात इंदूरची मुलगी, हैदराबादला भाड्याच्या खोलीत नागपूरचा जावई. सहा जणांच्या घरात वाढलेल्या माणसाला रात्री खोलीत पंख्याशिवाय कसलाच आवाज नसणं म्हणजे काय, हे त्यांना विचारा.

कानाजवळचा मायक्रोफोन

आजच्या ऑडिओत ती मुलगी डाव्या कानाकडून उजव्या कानाकडे सरकल्यासारखी वाटते. ही करामत कशी होते?

आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानात आधी पोचतो, डाव्या कानात किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. शिवाय मध्ये आपलं डोकं असल्यामुळे पलीकडच्या कानात आवाज थोडा दबून जातो. दोन कानांत दोन वेगळे आवाज पोचवण्याचा प्रयोग पॅरिसच्या १८८१च्या प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी करून दाखवला होता. ऑपेरा चालू असताना रंगमंचावरचे आवाज टेलिफोनच्या दोन नळ्यांतून दोन्ही कानांना ऐकवले. १९७३मध्ये जर्मनीच्या नॉयमन कंपनीने माणसाच्या डोक्याच्या आकाराचा मायक्रोफोन आणला. त्याला खरे वाटावेत असे रबरी कान, आणि त्या कानांच्या आत मायक्रोफोन. १९९२मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. या डोक्याच्या कानाशी कुजबुजलं की हजार मैलांवर इअरफोन घातलेल्या माणसाच्या मानेवर शहारा येतो.

या यंत्राचा झोपण्यासाठी सर्वांत पद्धतशीर वापर जपानने केला. तिथे फक्त आवाज देण्याचं काम करणाऱ्या कलाकारांचा मोठा व्यवसाय आहे. त्यांनी श्रोत्यालाच कथेतलं पात्र धरून बोलायच्या सीडी काढल्या. अभिनेता श्रोत्याच्या शेजारी पडून मेंढ्या मोजतोय अशा सीडींची अख्खी मालिका निघाली. त्यांचा मुख्य श्रोतृवर्ग स्त्रियांचा होता, हे विशेष.

दुसरा प्रवाह इंग्रजी इंटरनेटवरून आला. कुजबुजण्याने, कागदाच्या खसखशीने, कुणी शांतपणे आपल्याकडे लक्ष दिल्याने डोक्यात गोड झिणझिण्या येतात, असं बरेच लोक एकमेकांना सांगू लागले. २०१०मध्ये जेनिफर अ‍ॅलन यांनी त्याला भारदस्त नाव दिलं, 'ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स', म्हणजेच एएसएमआर. नावातला शास्त्रीय थाट मुद्दाम होता, लोकांनी हसू नये म्हणून! मग कुणी न्हाव्याचं दुकान, कुणी डॉक्टरची तपासणी, कुणी ग्रंथालय असे प्रसंग रचून कुजबुजू लागलं. त्या प्रसंगांतच एक प्रसंग आला: दिवसभराच्या कामानंतर घरी आलेला तू, आणि वाट बघणारी मी.

उपयोग होतो का?

२०१५मध्ये स्वान्सी विद्यापीठातल्या एमा बॅरट आणि निक डेव्हिस यांनी असे व्हिडिओ ऐकणाऱ्या ४७५ जणांना प्रश्न विचारले. ८२ टक्के लोकांनी झोप यावी म्हणून ऐकतो असं सांगितलं, ७० टक्क्यांनी ताण उतरावा म्हणून. कामुक हेतू सांगणारे ५ टक्के निघाले. हे सगळे आधीपासूनचे श्रोते होते आणि त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेलं आहे, हे ध्यानात ठेवून हा आकडा वाचावा. २०१८मध्ये शेफील्ड विद्यापीठातल्या प्रयोगात ज्यांना या झिणझिण्या येतात त्यांचे हृदयाचे ठोके असे व्हिडिओ बघताना मिनिटाला सरासरी सुमारे ३ने कमी झालेले आढळले.

पण मला सगळ्यांत बोलका वाटतो तो अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात झालेला २०१०चा प्रयोग. ७ ते १२ वर्षांच्या ६१ मुलींना अनोळखी लोकांसमोर भाषण आणि गणितं करायला लावून ताण दिला. मग काहींना आईने जवळ घेतलं, काहींशी आई फोनवर बोलली, काहींना नुसता सिनेमा दाखवला. फोनवर आवाज ऐकलेल्या मुलींच्या शरीरात ऑक्सिटोसिन जवळपास जवळ घेतलेल्या मुलींइतकंच वाढलं. याच अभ्यासकांनी पुढे आईशी लेखी मेसेज करून बघितलं. त्याचा तसा परिणाम झाला नाही. म्हणजे "जेवलास का?" हे शब्द वाचून जे होत नाही, ते ऐकून होतं.

यातला अर्धा भाग मात्र विसरायचा नाही. तो आवाज आईचा होता. त्या आवाजामागे मुलींचं सगळं आयुष्य होतं. अनोळखी आवाज ओळखीचा असल्यासारखं बोलतो तेव्हा तो हे सगळं उसनं घेत असतो. झोप आणून देणं एवढं त्याला जमतं. सकाळी उठल्यावर काल काय झालं ते विचारणं त्याला जमत नाही.

आवाज उत्तर देऊ लागला

आतापर्यंतच्या सगळ्या आवाजांत एक मर्यादा होती आणि माझ्या मते तीच त्यांची सुरक्षितता होती. ते ऐकत नव्हते. 'लोनसम गॅल' पंधरा मिनिटांनी संपायची. ध्वनिमुद्रण वीस मिनिटांनी संपतं. श्रोत्याला आतून माहीत असतं की हे नाटक आहे आणि ते आपण स्वतः लावलंय. लहान मूल गोष्ट खोटी आहे हे माहीत असूनही ऐकता ऐकता झोपतं, तसंच ते.

ही मर्यादा आता मोडली आहे. २०१७ साली 'रेप्लिका' नावाचं अ‍ॅप आलं, सोबत देणारा बोलका मित्र म्हणून. अनेकांनी त्याला प्रेयसी मानलं. फेब्रुवारी २०२३मध्ये इटलीच्या माहिती-संरक्षण यंत्रणेने मुलांना असलेला धोका पाहून त्याच्यावर कारवाई केली. त्याच सुमारास कंपनीने त्याचं प्रेमाचं बोलणं आवरतं घेतलं, तेव्हा कित्येक वापरणाऱ्यांना घरातलं माणूस एका रात्रीत परकं झाल्याचं दुःख झालं. हा आवाज ऐकतो, लक्षात ठेवतो, उत्तर देतो, आणि स्वतःहून संपत नाही. तो कसा बोलेल हे एक कंपनी ठरवते. शिवाय आता खऱ्या कलाकाराच्या आवाजाची हुबेहूब नक्कल यंत्र करू शकतं. म्हणजे जी बाई मुखवट्याआड सुरक्षित होती, तिच्याकडून मुखवटाच काय, आवाजही काढून घेता येतो.

म्हणून या इतिहासातून दोन गोष्टी घेऊन जा. पहिली, ऐकणाऱ्याला हसू नका. १९३२मध्ये कार्डिनल महाशय हसले, १९५०च्या दशकात लोक पत्र लिहिणाऱ्यांना हसले, आज आपण इअरफोनवाल्याला हसतो. एकटेपणा त्या हसण्याने कमी झाला नाही, फक्त लपून बसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५मध्ये सांगितलं की जगात दर सहा माणसांतला एक एकाकी आहे. ब्रिटनने २०१८मध्ये आणि जपानने २०२१मध्ये या प्रश्नाची जबाबदारी थेट मंत्र्यावर सोपवली. सरकारांना जे हसण्यावारी नेता येत नाही, ते आपण का न्यावं?

दुसरी, आवाज गोड आहे का हे विचारू नका, त्यामागे कोण आहे ते विचारा. सैनिकाशी बोलणाऱ्या आवाजामागे सेना होती. डेटनच्या आवाजामागे तंबाखू होता. आजच्या मुलीच्या आवाजामागे बहुतेक वेळा एक कलाकार असते, तिला त्याचा मोबदला आणि सन्मान दोन्ही मिळायला हवेत. आणि उद्याच्या आवाजामागे कोण असेल, त्याला तुमची झोप हवी की तुमचं जागरण, हे ओळखणं आता तुमच्या-माझ्या हातात आहे.

एक आवाज असाही आहे, जो बोलण्यापेक्षा ऐकतो. १९५३मध्ये चॅड वाराह या धर्मगुरूंनी लंडनमधल्या आपल्या चर्चमध्ये एक फोन ठेवला. जगणं नकोसं झालेल्या कुणीही फोन करावा, पलीकडे माणूस असेल, एवढंच. त्यातून 'समॅरिटन्स' ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे १० ऑक्टोबर २०२२पासून सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. रात्र फारच जड झाली तर ध्वनिमुद्रण पुरणार नाही. तेव्हा हा क्रमांक लावा.

आणि तुमच्या ओळखीत कुणी मुलगा किंवा मुलगी घरापासून लांब एकट्या खोलीत राहत असेल, तर आज रात्री मेसेज नको. फोन करा, आणि जेवलास का, जेवलीस का, एवढंच विचारा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.